पायऱ्यांवर बसण्यास मनाई

डब्लिनमध्ये वारा पश्चिमेकडून आला की लिफीच्या काठाकाठाने भाजलेल्या बार्लीचा वास येतो. नदीच्या वरच्या अंगाला, जुन्या शहरात, बीअरचा मोठा कारखाना आहे, तिथून. जरासा करपलेल्या भाकरीसारखा, जरासा कडू कॉफीसारखा. मागच्या महिन्यात एका दुपारी डबा घेऊन ऑफिसातून खाली उतरले आणि दारातच तो वास आला. जेवायला कुठे बसावं हे ठरवायच्या आत मी नदीत उतरणाऱ्या त्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर जाऊन बसलेही होते.

पहिला घास तोंडात जातो न जातो तोच मागून आवाज आला. "सॉरी मॅडम, इथे बसता येणार नाही."

पिवळं जाकीट घातलेला सिक्युरिटीचा माणूस वरच्या पायरीवर उभा होता. ऊन त्याच्या पाठीमागे होतं, चेहरा दिसत नव्हता.

"का?" मी विचारलं.

"खासगी जागा आहे. बसायचं असेल तर वर कॅफेच्या खुर्च्या आहेत."

"तिथे काहीतरी विकत घ्यावं लागेल."

"हो, ते आहे," तो म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता, उलट थोडी लाजच होती.

मी डबा बंद केला आणि उठले. भांडायचे शब्द मला नेहमी उशिरा सुचतात. त्या दिवशी ते लिफ्टमध्ये सुचले, चौथ्या मजल्याच्या आसपास, आणि तेव्हापासून ते मला गप्प बसू देत नाहीयेत.

कारण मी त्या पायऱ्यांवर सहा वर्षं बसले आहे.

तेव्हा तिथे काच नव्हती, कॅफे नव्हता. हॉसर लेन नावाची गल्ली होती. हॉसर म्हणजे जहाज धक्क्याला बांधायचा जाडजूड दोर. रिंग्सएंड वस्तीच्या टोकाला, जिथे डॉडर नदी आणि कालवा दोघंही येऊन लिफीला मिळतात, तिथे लाल विटांची आठ घरं एका ओळीत एकमेकांना खांदा लावून उभी होती. दारं थेट फुटपाथवर उघडायची. गल्ली संपली की पायऱ्या, पायऱ्या संपल्या की पाणी. नदीच्या मुखाकडे पाहिलं की वीजकेंद्राच्या दोन उंच लाल-पांढऱ्या चिमण्या, त्यांच्या पलीकडे खाडी, आणि हवा स्वच्छ असेल तर डावीकडे हाउथचा डोंगर पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा.

अठरा वर्षांपूर्वी नागपूरहून नोकरीसाठी आले तेव्हा पाच नंबरच्या घरातली वरची खोली मला भाड्याने मिळाली. खाली ब्रीडी राहायची. सत्तरीच्या आतबाहेरची, बुटकी, कायम ॲप्रन बांधलेली. नवरा गोदी कामगार होता, तो वारलेला. तिशीचा मुलगा डेक्लन, तोही मिळेल तेव्हा गोदीत काम करायचा. घर त्यांचंही नव्हतं. मालक दुसराच कोणी होता, पण ब्रीडी त्याच घरात जन्मली होती आणि भाडेकरू असणं ही तिच्या दृष्टीने कागदावरची गोष्ट होती.

पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "कप प्रेसमध्ये आहेत, पेट." मी घरभर इस्त्री शोधत फिरले. मग कळलं की इथे कपाटाला प्रेस म्हणतात. माझं नाव तिच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून मी शेवटपर्यंत पेट राहिले, आपण लाडाने बाळ म्हणतो तसं.

त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे. शेगडीतल्या कोळशाचा धूर, ओल्या लोकरीचे कोट, मीठ लावलेलं डुकराचं मांस आणि कोबी एकत्र उकळताना येणारा उग्र दर्प. त्यात मी हिंगाची फोडणी घालायची. पहिल्यांदा हिंग तडतडला तेव्हा ब्रीडी गॅस गळतोय का म्हणून धावत आली. पुढे पुढे सोमवारी संध्याकाळी फोडणीचा वास आला नाही तर ती जिन्याखालून हाक मारायची, "पेट, आज बरं नाही का तुला?"

आणि पायऱ्या. उन्हाळ्यात उजेड मावळायचं नाव घेत नाही तेव्हा आख्खी गल्ली जेवून पायऱ्यांवर येई. बायका स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांच्या उशा घेऊन यायच्या, पुरुष वर्तमानपत्राची घडी बुडाखाली घ्यायचे. चहाचे मग पायरीवर ठेवून ठेवून दगडावर गोल डाग पडले होते. भरती असली की खालच्या चार पायऱ्या पाण्यात जायच्या, ओहोटीला त्या शेवाळ्याने हिरव्यागार होऊन वर यायच्या आणि चिखलाचा, मिठाचा, काहीतरी कुजल्याचा वास पसरायचा. कोणी नाक मुरडत नसे. डेक्लन आणि त्याचे मित्र लांब होड्या वल्हवत समोरून जायचे, तेव्हा ब्रीडी त्यांच्या वल्ह्यांचा ताल चुकला की बसल्या जागेवरून ओरडून सांगायची. मोठं जहाज येणार असलं की खालच्या पुलाचा एक भाग वर उचलून उभा राही, दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा लागत, आणि आमच्या गल्लीला ती करमणूक वाटे.

एका उन्हाळ्यात आई आली. ती मूळची वर्धेजवळच्या खेड्यातली, बोलणं शेवटपर्यंत वऱ्हाडी. दुसऱ्याच दिवशी पायऱ्यांवर बसून तिने बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.

"काय वं हे," ती म्हणाली, "नदी उलटी चालली."

मी तिला भरती समजावून सांगितली. समुद्र जवळ आहे, दिवसातून दोनदा पाणी आत येतं, दोनदा बाहेर जातं.

"मंग लोकाईनं कोन्या भरोशावर राहावं इथं?" ती म्हणाली आणि मटार सोलायला घेतले.

ब्रीडी तिच्या शेजारी येऊन बसली आणि न विचारता मटारच्या शेंगांत हात घातला. त्यानंतर महिनाभर त्या दोघी रोज बसल्या. ब्रीडी इंग्रजीत नवऱ्याच्या, गोदीतल्या संपांच्या गोष्टी सांगे. आई वऱ्हाडीत आमच्या शेजारणीच्या सुनेबद्दल बोले. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघी योग्य जागी मान हलवत होत्या. ब्रीडीचा नवरा कसा गेला हे मला माहीत नव्हतं. ते आईने मला सांगितलं. दोराचा फटका बसून. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिनं हातानं दाखवलं न."

एक दिवस आईने विचारलं, "ह्या बाईचं घर सोताचं हाय का?"

"नाही, भाड्याचं."

"मंग पुढं कसं करन हे?"

मी हसले. म्हणाले, "आई, हा युरोप आहे. इथे म्हाताऱ्या माणसांना असं कोणी घराबाहेर काढत नाही."

आईला जाऊन आता सहा वर्षं झाली. तिला मी चुकीचं सांगितलं होतं हे कबूल करायचं राहूनच गेलं.

आई येऊन गेली त्याच सुमारास क्रेन थांबल्या. मी आले तेव्हा गोदीच्या बाजूला जिकडेतिकडे क्रेन फिरत होत्या, आणि मग एक दिवस त्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. अर्ध्या बांधलेल्या इमारतींचे सांगाडे पावसात गंजत राहिले. भारतातून माझ्याबरोबर आलेले काही जण परत गेले, काही ऑस्ट्रेलियाला गेले. सकाळची बस निम्मी रिकामी धावू लागली. आणि गंमत अशी की हॉसर लेनमध्ये त्या काळात जरा निवांत होतं. कोणाला त्या जागेत रस नव्हता. पायऱ्यांवर चहाचे मग तसेच येत होते.

मग क्रेन पुन्हा हलू लागल्या. कंपन्या आल्या, माझीही त्यातलीच. नदीच्या दोन्ही काठांवर काच चढत गेली. मी या काचेबद्दल चिडून लिहिते आहे आणि माझा पगार त्याच काचेतून येतो, हे मला माहीत आहे. त्याने राग कमी होत नाही. वाढतो.

या शहराला सगळं जमतं. जगभरातल्या कंपन्यांना एका मैलाच्या आत आणून बसवणं जमतं. पण विमानतळापर्यंत आगगाडी न्यायला जमत नाही. ट्रामच्या दोन लाइनी बांधल्या, आणि कित्येक वर्षं त्या एकमेकींना भेटल्याच नाहीत. एकीतून उतरायचं, पावसातून चालत जायचं, दुसरीत चढायचं. समुद्राकाठच्या डून लेरीला राहणाऱ्यांसाठी डार्टची लोकल गाडी खाडीच्या कडेकडेने सुंदर खिडक्यांतून धावते. आम्ही पश्चिमेच्या ल्यूकन उपनगरातले बसमध्ये नदीकाठच्या ट्रॅफिकमध्ये उभे असतो. आणि ज्यांना आणखी लांब ढकललं त्यांचं कोणी विचारतच नाही. कामं सगळी नदीच्या मुखाशी आणि माणसं सगळी कडेला, असा हा नकाशा कोणीतरी बसून काढलेला आहे. तो आपोआप झालेला नाही.

हॉसर लेन विकली गेली ते आम्हाला एका पत्राने कळलं. नवा मालक म्हणजे एक नाव होतं, त्याला चेहरा नव्हता. चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. लोक मोठ्याने बोलले, एका म्हाताऱ्याला रडू आलं. ठरलं की इमारतीच्या परवानगीला हरकत घ्यायची, गल्लीत राहणाऱ्या प्रत्येकाने सही करायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्रीडी कागद घेऊन वर आली. माझ्या टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. "तूही इथलीच आहेस, पेट," ती म्हणाली. "जितक्या सह्या तितकं बरं."

माझा नागरिकत्वाचा अर्ज त्या वेळी सरकारकडे पडला होता. ऑफिसातल्या एका सीनियरने सांगितलं होतं, कागदपत्रं निघेपर्यंत कुठल्याही भानगडीत नाव येऊ देऊ नकोस. असल्या सहीने काही बिघडत नाही हे मला पुढे कळलं. खरं म्हणजे तेव्हाही एका फोनवर कळलं असतं.

"उद्या करते," मी म्हणाले. "नीट वाचून करते."

ती म्हणाली, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत "बरं".

सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. संध्याकाळी उशिरा आले. तिसऱ्या दिवशी टेबलावर कागद नव्हता. ब्रीडीने तो उचलून नेला होता आणि त्याबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. सोमवारी फोडणी द्यायची राहिली तर जिन्याखालून नेहमीसारखी चौकशी झाली. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

परवानगी मिळाली. तोवर माझं लग्न ठरलं होतं; नवरा लिक्सलिपला संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर, म्हणून आम्ही जवळच ल्यूकनला घर घेतलं. ब्रीडीला शहराच्या उत्तरेला, विमानतळाच्याही पलीकडे, नव्या वसाहतीत फ्लॅट मिळाला. मी एकदाच गेले, दोन बस बदलून. फ्लॅट स्वच्छ होता, गरम होता, भिंती पांढऱ्या होत्या. ब्रीडी खिडकीशी कोट घालून बसली होती.

"कसं आहे इथे?" मी विचारलं.

"छान आहे. सगळं नवीन आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "इथे कशाचाच वास येत नाही, पेट."

रविवारच्या प्रार्थनेला ती रिंग्सएंडच्या चर्चमध्येच जायची, सुरुवातीला. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि रविवारी बस कमी. मग गुडघ्यांनी ते थांबवलं. मी पुन्हा येईन म्हणाले. मुलगी झाली, नोकरी बदलली, आणि मी गेले नाही.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या कंपनीचं ऑफिस हललं. पत्त्यात नुसतं नव्या रस्त्याचं नाव आणि नंबर होता, तो वाचून काही लक्षात आलं नाही. दारात आल्यावर इमारतीचं नाव दिसलं, "द हॉसर". पहिल्या दिवशी सहाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली पाहिलं तर नदीचं ते वळण, त्या दोन चिमण्या, आणि तळाशी त्याच पायऱ्या, घासूनपुसून पांढऱ्या केलेल्या. संध्याकाळी खाली जाऊन पाहिलं, चहाचे डाग गेले होते. शेजारी पितळी पाटी: पिढ्यान्‌पिढ्या गोदी कामगारांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी वापरलेल्या या ऐतिहासिक पायऱ्या जतन करण्यात आल्या आहेत. तिच्याखाली दुसरी पाटी: पायऱ्यांवर बसण्यास मनाई. आमच्या मीटिंग रूमना नावं दिली आहेत नांगर, शीड, डॉकर म्हणजे गोदी कामगार. परवा "डॉकर"मध्ये आमची दोन तास बैठक झाली, खर्च कमी करण्याबद्दल.

मागच्या महिन्यात मला पायऱ्यांवरून उठवलं त्या रात्री घरी मुलीला ते सांगितलं. ती अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं आणि उत्तर आयरिश हेल काढून इंग्रजीत देते. तिने विचारलं, "मग तू उठलीस का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा जाऊन बसले. मुद्दाम. डबा उघडला. पावलं वाजली.

"मॅडम, काल सांगितलं होतं तुम्हाला."

या वेळी मी वळून नीट पाहिलं. केस पांढरे झालेले, गालांवर खुंट, एका भुवईवर जुना व्रण. होडी उलटली तेव्हा पडलेला. त्यावर मीच हळद दाबून धरली होती.

"डेक्लन," मी म्हणाले.

तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वरच्या खोलीतली. पिवळी पावडरवाली."

मी ब्रीडी कशी आहे म्हणून विचारलं.

"मॅम गेली," तो म्हणाला; आईला तो मॅमच म्हणे. "तीन वर्षं झाली. तुझा नंबर माझ्याकडे नव्हता."

नंबर होता तिच्याकडे. मीच लिहून दिला होता, आणि पुढे बदलला होता. हे मी त्याला सांगितलं नाही.

तो नदीकडे बघत बोलत होता. इथे रीत आहे, चर्चला नेताना शवगाडी माणसाच्या जुन्या घरासमोर क्षणभर थांबवतात. ब्रीडीने तेवढंच मागितलं होतं. गाडी हॉसर लेनच्या तोंडाशी आली तर गेट बंद. आत यायला आधी अर्ज करायला हवा होता.

"गेटवर कोण होतं?" मी विचारलं.

"माझ्याच शिफ्टमधला एक. चांगला माणूस आहे. मला ओळखतो. उघडलं असतं तर त्याची नोकरी गेली असती." त्याने गेटकडे बोट केलं. "गाडी बाहेर रस्त्यावर थांबली. मागून बसवाला हॉर्न देत होता."

मी डब्याचं झाकण लावलं. मी म्हणाले, हे कोणाला तरी विचारलं पाहिजे, लेखी तक्रार केली पाहिजे, एवढं कसं कोणाला काही वाटत नाही. तो ऐकून घेत होता. मग माझ्या तोंडून ते निघालं. "मी त्या कागदावर सही केली नव्हती, डेक्लन."

"माहीत आहे."

"तिने सांगितलं?"

"नाही. मी कागद पाहिला होता." त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. "मीही केली नव्हती. इमारतवाले साइटवर काम देतो म्हणाले होते. आधी मजुरी, पुढे कायमची नोकरी. मॅमला मी सांगितलं की केली. तिने कागद तपासलाच नाही."

"नोकरी दिली त्यांनी?"

"ही काय, दिली ना." त्याने जाकिटाची बाही ओढून दाखवली. "पोर्टलीशहून येतो मी. पहाटे पाचला उठायचं, ह्यूस्टन स्टेशनपर्यंत आगगाडी, पुढे लुआसची ट्राम, मग चालत. इथे जन्मलो, आणि इथे पोचायला मला अडीच तास लागतात."

भरती चढत होती. खालची पायरी पाण्याखाली गेली, मग तिच्या वरची. कॅफेत कोणीतरी मोठ्याने हसलं. डेक्लनने वर भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन पावलं सरकून असा उभा राहिला की त्याची पाठ कॅमेऱ्याकडे आली आणि मी त्याच्या आड.

त्याच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. एक तरुण, सभ्य आवाज विचारत होता, पायऱ्यांवर कोणीतरी बसलेलं दिसत होतं, त्यांना उठवलं का?

डेक्लनने माझ्याकडे पाहिलं. मी डबा पुन्हा उघडून मांडीवर ठेवला.

त्याने बटण दाबलं. "इथे कोणी नाही," तो म्हणाला. "इथे आता कोणीच राहत नाही."